बावचीचं तेल आणि चैत्रातलं ऊन

"आजी, लाईट लाव ना," नात म्हणाली.

भर दुपार होती. दारातून ऊन थेट आतल्या कणगीपर्यंत आलं होतं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते आणि उघडत नव्हते. उजवा गाल फुगलेल्या भाकरीसारखा वर आला होता, त्यावर पाणी धरलेले फोड. डावीकडं जरा कमी, पण पापणी तिकडचीही सुजून जड झालेली. गालावरून मानेपर्यंत एक लाल रेघ खाली उतरली होती. साडेतीन वर्षांचं पोर, रडून रडून आवाज बसलेला, आणि अंधार पडला असं समजून मला लाईट लावायला सांगत होतं.

मी उठून लाईट लावला. दुसरं काय करणार? खटका वाजला तेवढं तिला बरं वाटलं.

खोलीत आम्ही चार मोठी माणसं होतो. मी, माझी सून, माझी थोरली जाऊ आणि थोरले दीर. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये भिंत एक आणि अंगणही एक. त्यामुळं आमच्याकडं कुणी शिंकलं तरी जाऊ सल्ला द्यायला हजर असते. त्या दिवशी ती कडुलिंबाचा डहाळाच घेऊन आली होती. तो तिनं पोरीच्या उशाला ठेवला आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

"देवी आलीया. कुणी कायबाय बोलू नगा आता."

"कुठली म्हणायची? मोठी का धाकटी?" दिरांनी विचारलं. जणू पाव्हणीला कुठल्या खोलीत उतरवायची ते ठरवायचं होतं.

जावेनं लगेच कायदे सांगितले. घरात फोडणी द्यायची नाही. पोरीला पाणी लावायचं नाही. परक्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. आणि दवाखान्याचं तर नावसुद्धा काढायचं नाही, देवीला सुई चालत नाही. देवीला काय चालतं आणि काय नाही, हे माझ्या जावेला इतकं बारीक ठाऊक की मला कधी कधी वाटतं, दोघींचं फोनवर बोलणं होत असावं.

"बाई," मी म्हणाले, "देवीनं नेमकं तोंडच का धरलं? एवढी पाठ मोकळी हाय, पोट हाय. एक फोड न्हाई तिथं."

"तोंड आवर. कोपली तर डोळं घिऊन जाईल."

"आन अशीच ठिवली तर कोण डोळं आणून देणार हाय?"

मी देव न मानणारी बाई नाही. रोज दिवा लावते. पण माझ्या लहानपणी गावात गोवर, कांजिण्या भरपूर बघितल्या. त्या सगळ्या अंगावर येतात. तोंडावर बसून मानेवर रेघ ओढणारी देवी मी तरी बघितली नव्हती. अर्थात मला तरी काय समजत होतं? आदल्या संध्याकाळी गाल लाल दिसला तेव्हा मीच म्हटलं होतं, आंब्याचा चीक लागला असेल, आणि खोबरेल चोळून मोकळी झाले होते. सून मान खाली घालून भाकरी थापत राहिली होती.

आता ती भिंतीला टेकून बसली होती. रडत होती, पण आवाज न करता. मुलगा कांद्याची गाडी घेऊन वाशीला गेलेला. फोन केला तर म्हणाला, "आये, मी इथं लायनीत अडकलोय. तू ने तिला, कसंबी ने."

कसंबी म्हणजे कसं? दारात जावेच्या मुलाची नवी मोटार उभी होती. बारमाही धूळ खात उभी असायची, फक्त पाव्हणे यायचे असले की धुऊन पुसून पुढं लिंबू-मिरची टांगायची. येत्या रविवारी जावेच्या नातीला बघायला पाव्हणे येणार होते, म्हणून गाडी नुकतीच धुतली होती.

मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, किल्ली द्या. पोरगा तुमचा चालवील."

दीर आढ्याकडं बघत म्हणाले, "देवी असल्यावर गाडी काढत न्हाईत."

"देवीला नगा बसवू. पोर बसंल."

"तसं न्हाई, नव्या गाडीत…" पुढचं त्यांनी गिळलं. मला कळलं. फोडांचं पाणी नव्या सीटला लागलं असतं.

अंगणात आंब्याखाली जुन्नरचा एक बागवान उभा होता. दरवर्षी चैत्रात येतो, झाडाकडं मान वर करून बघतो, यंदा काही राम नाही म्हणतो आणि शेवटी सगळ्या झाडाचे आंबे घेऊन जातो. त्याचा टेम्पो रस्त्याला लावलेला. मी पोरीला कडेवर घेतलं, तोंडावर ओला पदर टाकला आणि बाहेर आले.

"मावशी, यंदा मोहर लई गळालाय," त्यानं सुरू केलं.

"आधी हिला नारायणगावला ने. मोहराचं रडगाणं वाटंत गा."

त्यानं पदर उचलून बघितलं आणि झाडाकडं परत बघितलंच नाही. "बसा," म्हणाला. मागून जाऊ ओरडली, "सूनबाई, तू जर आत्ता उंबरा वलांडलास, तर पुढचं तुज्यावर!" सून उठली. तिनं चपलाही घातल्या नाहीत. कशी धावली देव जाणे, मी बसायच्या आत ती टेम्पोत चढली होती.

पिंपळवंडीहून नारायणगाव काही लांब नाही. पण पोर मांडीवर कण्हत असलं की हायवेचा प्रत्येक ट्रक आडवाच वाटतो. बागवानानं मोहराचं गाणं गायलंच. थंडी लांबली, मग ढग आले, मग तुडतुडे पडले. ऐकून मी वैतागले, पण त्यामुळं आम्हा दोघींना एकमेकींशी बोलावं लागलं नाही. मध्येच पोर म्हणाली, "काका, हॉर्न वाजवा ना." दिसत नव्हतं, पण आपण गाडीत बसलोय एवढं तिला कळलं होतं. त्यानं वाजवला. ती म्हणाली, "परत." मग तो बाजारपेठेपर्यंत हॉर्न वाजवतच गेला. लोक शिव्या देत होते.

कातडीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पदर बाजूला केला, पोरीची हनुवटी हलकेच वर उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"काय लावलं होतं हिला?"

"खोबरेल. पर ते मागनं. घरचे म्हणत्यात, देवी आलीया."

त्यांनी त्या लाल रेघेवर बोट न टेकवता बोट फिरवलं. "आजी, देवी ओघळत नाही. हे काहीतरी पातळ लावलेलं इथून खाली ओघळलंय. काय होतं ते?"

मी सुनेकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती.

"ताई, तुम्ही आई ना? काय लावलं?"

"काय न्हाई," सून म्हणाली.

"हे बघा, ते डोळ्यांत गेलंय की नुसती पापणी सुजलीय, ते मला बघायचंय. काय होतं ते कळलं नाही तर मी औषध कशावर देऊ?"

"काय न्हाई लावलं," ती परत म्हणाली. आवाज इतका बारीक, की डॉक्टरांना पंखा बंद करावा लागला.

तेव्हा मांडीवरून आवाज आला. "तेल. काळं काळं तेल. गच्चीवर." मग पोर माझ्याकडं वळली, म्हणजे माझा वास येत होता तिकडं. "मी हलले नाही, आजी. मोठी आजी म्हणली हलायचं नाही. मी हलले नाही."

सून तिथंच खाली बसली आणि मग बोलली. एकदम सगळं बोलली.

झालं होतं असं. थंडी संपता संपता पोरीच्या गालांवर पांढुरके डाग दिसायला लागले होते. ते मलाही दिसले होते. मी म्हटलं, जंत झाले असतील, आणि विसरून गेले. माझ्या मुलांनाही होते तसले डाग, मोठे झाल्यावर कुठं गेले ते कुणाला ठाऊक नाही. पण थोरली जाऊ विसरणारी नव्हे. ती रोज यायची, पोरीला उजेडात न्यायची आणि गाल दाबून बघायची, बाजारात वांगी बघतात तसं. मग एक दिवस तिनं सुनेला मागच्या दारी गाठलं.

"कोड हाय हे."

माझ्या सुनेचं माहेर डिंभ्याला, धरणाकडचं. लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली, तरी जाऊ तिला अजून डिंभ्याचीच म्हणते. "आमच्या घराण्यात आजवर कुणाला न्हाई. म्हंजी डिंभ्याकडनंच आलं असणार. आता हिचं लगीन कसं व्हायचं?" लग्न, साडेतीन वर्षांच्या पोरीचं! अजून हिला चप्पल उजवी कुठली, डावी कुठली ते कळत नाही, आणि थोरल्या आजीला तिच्या नवऱ्याची काळजी.

खरी काळजी अर्थात दुसऱ्याच पोरीची होती. जावेच्या नातीचं जमत आलेलं. मुलगा चाकणला कंपनीत, घरचे शिकलेले. रविवारी पाव्हणे येणार, अंगण एक, आणि अंगणात पोर खेळणार. भावकीत कोड आहे म्हटल्यावर पाव्हणे चहासुद्धा पिणार नाहीत, हा जावेचा हिशोब. मग दीर बेल्ह्याच्या बाजाराला गेले, बैल बघायला. तिथं बाजाराच्या कडेला एक वैदू बाटल्या मांडून बसलेला. त्याच्याकडून कोडावरचं म्हणून बावचीचं तेल आणलं. बैल घेताना माझे दीर त्याचे दात बघतात, खूर बघतात, शेपटीची गाठ बघतात, धन्याच्या तीन पिढ्या विचारतात. तेल घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "गुण येतो ना?" वैदू म्हणाला, "बैलाच्या कातड्यालाबी येतो." झालं समाधान.

"लावायचं आन उन्हाला बसवायचं," असं त्यानं सांगितलं होतं. किती वेळ, कुठलं ऊन, किती थेंब, हे दिरांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. वेळ जावेनंच ठरवला. रविवार जवळ आला होता ना! जेवढं जास्त ऊन तेवढं लवकर डाग जाणार, असं तिनं धरलं. पापड वाळवण्याचा तिचा हातखंडा आहे, तीच रीत. मी सकाळी रानात गेले की दोघी पोरीला गच्चीवर न्यायच्या. तेल गालांवर जाड चोपडायचं आणि ऊन डोक्यावर येईतो बसवून ठेवायचं. पोर हलायला लागली की जाऊ म्हणायची, "हललीस तर भूत हुशील." आणि सुनेला म्हणायची, "सासूला सांगू नगं. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, गावभर करील." हे मात्र खरं आहे. मी गावभर केलंच असतं.

"गाल लाल झाला तवा मी म्हणले बास करा," सून डॉक्टरांना सांगत होती. "त्या म्हणल्या, गुण येतोय म्हून लाल झालंय."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले नाहीत. तेही बरं, कारण मीच ओरडणार होते आणि दोघांनी एकदम ओरडलं असतं तर पोर घाबरली असती. ते म्हणाले, बावचीचं औषध असतं, पण ते कातडीला उन्हाच्या हवाली करतं. ते लावून थोडं ऊन घेतलं तरी कातडी भाजते, आणि यांनी तर लहान पोराच्या तोंडाला लावून चैत्रातलं ऊन दिलं. हे भाजणंच आहे, देवीबिवी काही नाही. मग त्यांनी पोरीला वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. बाईंनी थेंब घातला, पापणी बोटानं उघडली, बॅटरी मारली. पोर किंचाळली. मी आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं बघितली, पण तशी किंकाळी ऐकली नव्हती. बाई बराच वेळ वाकून बघत होत्या. आम्ही दोघी त्यांच्या पाठीकडं बघत होतो.

"डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "नुसती बाहेरची सूज आहे."

सुनेनं माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. अजून माझा राग गेला नव्हता.

खाली येऊन मी डॉक्टरांना विचारलं, "आन ते कोड?"

"कोड नव्हतंच. पुसट डाग होते ना, जरा खरबरीत? आई सांगते त्यावरून तरी साधी कोरडी कातडी होती. लहान मुलांना होतं. बाकीचं तोंड उन्हानं रापलं की ते डाग जास्त उठून दिसतात. साधं मलम लावून, भर उन्हात खेळू दिलं नसतं, तर आपोआप गेले असते."

"आन आता?"

"फोड फोडू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा. मलम देतो. उन्हात अजिबात नाही. बरी होईल. पण काळे डाग राहतील, काही महिने."

म्हणजे नसलेलं कोड घालवायला जाऊन आम्ही असलेले काळे डाग घेऊन घरी निघालो.

अंगणात टेम्पो थांबला तेव्हा जाऊ ओट्यावर बसलेली होती. सुनेच्या तोंडाकडं बघून तिला काय ते कळलं. तरी म्हणालीच, "काय म्हणला डाक्टर?"

"म्हणला, देवी तुमच्या जावंच्या रूपात हातात बाटली घिऊन आली व्हती."

"मी घराण्याचा इचार केला."

"मग घराणं बसवायचं व्हतं गच्चीवर. पोर कशाला बसवली?"

"तुला माझ्या नातीचं चांगलं व्हावं असं वाटतच न्हाई!"

"तुमच्या नातीचं व्हऊ द्या की! तिला लावा तेल, तिला बसवा उन्हात. पाव्हणं आल्यावर म्हणा, गुण येतोय."

दीर मध्ये पडले. "मी त्या वैदूला बेल्ह्यात धरतो बघा." धरणार होते ते! पुढच्या बाजाराला गेले आणि एक खोंड बघून आले. वैदू भेटला का विचारलं तर म्हणाले, गर्दी लई होती.

पट्ट्या बदलता बदलता दोन-तीन दिवसांनी सूज उतरायला लागली. आधी डाव्या डोळ्याची फट झाली. पोरीनं त्या फटीतून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, तू केस विंचरले नाहीस." बरोबर होतं. सून हसायला लागली आणि मग पडवीत जाऊन रडायला लागली. मी तिला एवढंच म्हटलं, "पुढच्या बारीला मला सांग. मी गावभर करीन, पर आधी दवाखान्यात जाईन." ती मान हलवत राहिली. तिच्यावर किती रागवावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माहेराला डाग लागू नये म्हणून तिनं लेकीला उन्हात बसवलं, आणि ती बसली होती तोवर स्वतःही शेजारी उघड्या डोक्यानं बसून राहिली. तिला आपलं वाटलं, सावलीत गेले तर पोर हलेल.

रविवारी पाव्हणे आले. जावेनं आदल्या दिवशी निरोप पाठवला, पोरीला आत ठेवा म्हणून. आत ठेवणारच होते, डॉक्टरांनी ऊन वर्ज्य केलं होतं. पण जावेच्या घरी पोह्यांचा वास सुटला आणि माझी नात दोन घरांमधल्या दारातून सरळ तिकडं गेली. तोंडाला पांढरं मलम, त्याखाली सोललेली लाल कातडी, हात पुढं. "मला पण पोहे."

मी तिच्या मागोमाग पोचले. मुलाच्या आजीनं विचारलं, "अगं बया, काय झालं हिला?"

जाऊ म्हणाली, "चुलीपाशी…" आणि माझ्याकडं बघून थांबली. मी सांगितलं. डाग, बाटली, गच्ची, डॉक्टर, सगळं. जावेचं तोंड असं झालं, जणू तिच्यावरच तेल सांडलंय. पाव्हण्यांनी पोहे मात्र संपवले. मग ती आजी हात धुवायला नळावर आली. मी पाणी घालत होते. इकडंतिकडं बघून तिनं हळूच विचारलं, "बाई, त्ये तेल कुठं भेटतं म्हणालात? आमच्या धाकट्याच्या पोराच्याबी तोंडावर डाग हाय."

एवढं सगळं ऐकून! शिकलेलं घर, मुलगा कंपनीत. मी तांब्या खाली ठेवला. "भेटतं. पर ते पोराला लावायचं नसतं. आजीनं लावायचं आन आजीनंच बसायचं."

ती हसली, मी गंमत केली असं समजून. मी नारायणगावच्या डॉक्टरांचा पत्ता तिला परत परत सांगितला. गेली की नाही, मी विचारलं नाही.

लग्न जमलं. तुळशीच्या लग्नानंतर झालंही. कोडामुळं मोडणार होतं ते लग्न कशामुळंच मोडलं नाही, कारण त्यांना मुलगी हवी होती. मांडवात जाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की त्या चैत्रात तिनं केवढं सोसलं, किती नवस बोलली. दीर सांगत होते की वैदूला त्यांनी जवळजवळ धरलंच होतं. बागवान जेवायला आला होता, तो म्हणाला, "माझ्या टेम्पोमुळं वाचली पोर." मुलगा म्हणाला, वाशीच्या लायनीत त्याच्या जिवाला काय वाटलं ते त्याचं त्यालाच माहीत. मीही चार बायकांना माझ्या परीनं तिखटमीठ लावून सांगितलंच.

माझी नात तेव्हा मांडवाच्या सावलीत दुसऱ्या पोरांबरोबर खेळत होती. डाव्या गालावरचं काळं गेलेलं, उजव्या गालावरचं अजून थोडं राहिलेलं. भाजला होता तो तिचा गाल होता. डोळे तिचे मिटले होते. आणि गच्चीवर, त्या उन्हात, न हलता तीच बसली होती.